वाढत्या अंगाचा सेन्सर

"साहेब, एक प्रेशर सेन्सर पाहिजे."

"कशासाठी?"

"प्रेशर मोजायला."

भोसरीच्या एमआयडीसीत गेली तीस वर्षं माझा दिवस या संवादानं उजाडतो. मी प्रेशर सेन्सर विकतो. म्हणजे विकण्याचं काम शेवटच्या पाच मिनिटांचं. आधीचे दोन दिवस गिऱ्हाइकाकडून माहिती काढण्यात जातात. डॉक्टरकडे जाणारा माणूस निदान कुठं दुखतंय ते बोट ठेवून दाखवतो. आमचा पेशंट चाकणला, तक्रार फोनवर, आणि बोलणारा माणूस पर्चेसचा. त्यानं मशीन लांबूनसुद्धा पाहिलेलं नसतं.

"किती प्रेशर असतं?"

"भरपूर असतं."

"भरपूर म्हणजे किती?"

"तसं नॉर्मलच असतं. पण मधूनच लई वाढतं."

"मधूनच म्हणजे कधी, आणि लई म्हणजे किती?"

इथं पलीकडे शांतता पसरते. फोनवर हात ठेवून कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज येतो, मागे पंचिंग मशीनचे चार ठोके पडतात, आणि मग सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर येतं : "तुम्ही नेहमीचा द्या ना!"

नेहमीचा! हा शब्द चहाच्या टपरीवर शोभतो. सेन्सरमध्ये नेहमीचा असा प्रकारच नाही, हे मी तीस वर्षं सांगतोय. आमच्याकडे चौकशीचा बावीस रकान्यांचा फॉर्म आहे. रेंज किती, पाइपात काय वाहतं, तापमान किती, आटे कुठले, सिग्नल कुठला, वगैरे. हा फॉर्म पूर्ण भरून आलेला मी एकदाच पाहिला. तो एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्यानं भरला होता, आणि त्याला सेन्सर फुकट हवा होता.

घोडं पहिल्यांदा अडतं ते एककावर. आपला मराठी माणूस एका दिवसात किती एककांतून जातो पाहा. सकाळी कुकरची शिट्टी साधारण 1 किलोवर उचलते. नाष्ट्यानंतर हाताला पट्टा बांधून तो रक्तदाब बघतो, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. ऑफिसला जाताना टायरमध्ये हवा भरतो, ती 32 पीएसआय. रात्री बातम्यांत बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा येतो, तो हेक्टोपास्कलमध्ये. चारही ठिकाणी दाबच मोजला जातो, पण घरात कुणालाही विचारा, या चार गोष्टींचं एकमेकींशी काही नातं आहे असं त्याला वाटत नाही. कारखान्यात मात्र सगळा दाब किलोत. चौरस सेंटिमीटर बोलण्यात कुणी घेत नाही. "वाफ किती?" "साडेदहा किलो." नव्या इंजिनिअरला वाटतं, वाफ वजनावर विकत आणली. हे साडेदहा तरी कुठून आलं? बारकाईनं पाहिलं तर ते 10.54 असतं, आणि ते म्हणजे बरोबर 150 पीएसआय. इंग्रज गेला, इंच-पौंड गेले, पण त्यांचा बॉयलर किलोचं धोतर नेसून अजून उभा आहे.

दुसरा खड्डा त्याहून खोल. दाब मोजायचा, पण कशाच्या तुलनेत? आपल्या आसपासची हवा हे शून्य धरलं तर तो गेज दाब. पूर्ण निर्वात हे शून्य धरलं तर अ‍ॅब्सोल्यूट. रक्तदाब, टायर, कुकर, सगळे गेजवाले. हवामान खातं अ‍ॅब्सोल्यूटवालं. एका गिऱ्हाइकानं वर्णनात "अ‍ॅब्सोल्यूट" हा शब्द बघितला, तो त्याला भारदस्त वाटला, म्हणून त्यानं तोच मागवला. आठ दिवसांनी फोन.

"तुमचा सेन्सर खराब आहे. अजून पाइपला लावलापण नाही, तरी 0.95 बार दाखवतोय."

"खराब नाही, तो हवेचा दाब दाखवतोय."

"पण आम्ही हवेचा दाब मागितलाच नव्हता!"

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून 0.95. मुंबईत तोच सेन्सर 1.01 च्या आसपास दाखवेल. डोंगर चढलं की हवेचा दाब कमी होतो, हे आपल्याला ठाऊक झालं त्याचं श्रेय पास्कलला देतात. प्रत्यक्षात 19 सप्टेंबर 1648 रोजी पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढले ते फ्लोरँ पेरिए. हे पास्कलच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी. पास्कलनं पत्र लिहून काम सांगितलं, दाजींनी डोंगर चढून पारा खाली आल्याचं बघितलं, आणि एककाला नाव पडलं पास्कल. दाजींच्या नावानं एखादा छोटा मिलिपेरिएसुद्धा नाही. साइटवर जाणाऱ्या माणसाचं नाव रिपोर्टात येत नाही, ही प्रथा तेव्हापासूनची असावी.

सेन्सरच्या पोटातसुद्धा हेच. आत एक पातळ पडदा असतो. दाब आला की तो केसाच्या जाडीइतकाही वाकत नाही, पण त्याच्यावरच्या चार रोधांना तेवढंच पुरतं. त्या चौघांच्या मांडणीला म्हणतात व्हीटस्टन ब्रिज. शोध सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांचा, 1833 सालचा. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टन यांनी तो लोकांपुढे मांडला. मूळ क्रिस्टींचं, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंही. पण लोकांनी नाव ठेवायचं ते ठेवलंच.

हे सगळं ज्ञान मी तीस वर्षं दुसऱ्यांना वाटत होतो. घरात मात्र मी सातव्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या सोसायटीची टाकी गच्चीवर, म्हणजे माझ्या डोक्यावर जेमतेम तीन मीटर. दहा मीटर पाण्याला साधारण एक बार, या हिशेबानं माझ्या शॉवरला 0.3 बार मिळतो. तळमजल्यावर बादली भरते तोवर माझ्याकडे लोटी भरते. बायको रोज अंघोळीहून येताना एकच वाक्य घेऊन यायची : "अहो, अख्ख्या महाराष्ट्राचं प्रेशर मोजता, आणि घरच्या शॉवरला धार नाही!"

अखेर सोसायटीनं ठरवलं की खालच्या टाकीतून थेट पाइपलाइनीत पाणी ढकलणारा प्रेशर पंप बसवायचा. नळ उघडले की पंपानं वेग वाढवायचा, मिटले की कमी करायचा, दाब कायम तेवढाच. त्यासाठी पंपाच्या ड्राइव्हला दाब सांगणारा सेन्सर लागतो. "तुमचं तर तेच काम," असं म्हणून चेअरमननी तो विषय माझ्या पदरात टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःचं गिऱ्हाईक झालो. म्हटलं, आता दाखवतो सेन्सर कसा निवडतात ते.

मी आधी पंपरूममध्ये गेलो. तिथं जुन्या पंपावर एक गोल गेज होतं. आत वाकडी पोकळ नळी असते. दाब आला की ती जत्रेतल्या फुंकायच्या पिपाणीसारखी उलगडू बघते आणि काटा फिरवते. यूजेन बुर्दाँ यांनी 1849 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि ती अजून जगभर चालते. आमचं चालत नव्हतं. काटा 2 किलोवर होता. पंप चालू, 2 किलो. पंप बंद, 2 किलो. वॉचमन म्हणाला, "चार वर्षं झाली, एकदम स्टेडी आहे." लॉगबुकात रोज सकाळी आणि संध्याकाळी सुवाच्य अक्षरात "2" लिहिलेलं होतं, रविवारीसुद्धा.

मग कमिटीची मीटिंग. मी हिशेब मांडला. सात मजले, प्रत्येकी तीन मीटर, म्हणजे चढायलाच 2.1 बार. वरच्या नळाला 1.5 बार हवा. पाइपातल्या घर्षणाला थोडा. एकूण पंपाशी 4 बार. सेन्सर नेहमीच्या कामात रेंजच्या अर्ध्या ते पाऊण भागात असावा, म्हणून 0 ते 6 बारचा घ्यावा. इथंच मी थांबायला हवं होतं. पण कोटेशनच्या कागदावर 6, 16 आणि 100 बार असे तिन्ही छापलेले होते, आणि तिन्हींची किंमत एकच होती.

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर केला. "किंमत तीच?"

"हो."

"मग सहाचा का घ्यायचा? शंभरचाच घ्या की!"

सगळ्या खोलीनं मान डोलावली. मला एकदम माझा पाचवीतला गणवेश आठवला. आई कापडाच्या दुकानात शिंप्याला सांगायची, "वाढत्या अंगाचा शिवा." पाचवीत शर्टाच्या बाह्यांतून फक्त बोटं दिसायची, सहावीत पंजा, आणि सातवीत शर्ट मापाचा व्हायचा तेव्हा कोपरावर विरलेला असायचा. मापाचा आणि धड असा शर्ट मी लहानपणी घातलाच नाही. त्याच संस्कारात वाढलेली आमची सगळी पिढी आता सेन्सर विकत घेते. 4 बारला 100 बारचा, 10 ला 400 चा. मोठा घेतलेला वाया जात नाही, पुढंमागं उपयोगी पडतो!

मी समजावायला गेलो. सेन्सरची अचूकता रेंजच्या टक्क्यांत सांगतात, तुम्ही मोजताय त्या आकड्याच्या टक्क्यांत नव्हे. अर्धा टक्का लिहिलं असेल तर 6 बारच्या सेन्सरची चूक 0.03 बार, म्हणजे पाण्याची 30 सेंटिमीटर उंची, एक वीत आणि वर चार बोटं. तोच अर्धा टक्का 100 बारवर अर्धा बार होतो, म्हणजे पाच मीटर पाणी. "म्हणजे पाणी पाचव्या मजल्यापर्यंत चढलंय की सातव्याच्या उंबऱ्याशी आलंय, हे त्याला छातीठोकपणे सांगता येणार नाही," मी म्हणालो. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे येतंय ना, मग काय हरकत आहे?"

खजिनदारांना दुसरीच काळजी लागली. "अर्धा टक्का चूक? आम्ही एक रुपया जुळेना म्हणून रात्री दहापर्यंत ब्रँचमध्ये बसायचो." मी म्हटलं, त्याहून दहापट अचूक सेन्सरही मिळतो, पण किंमत काही पटींनी वाढते. त्यांनी चष्मा परत खाली घेतला आणि अर्धा टक्का मंजूर झाला.

दुसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "काका, वायरलेस घेऊ या. मोबाइलवर दिसेल." एक काकू म्हणाल्या, "पाणी नाही हे मला मोबाइलवर कशाला बघायचंय? ते मला डोक्याला साबण लावल्यावर कळतंच." मी सांगितलं की आपला सेन्सर दोन वायरींचा, 4 ते 20 मिलिअँपिअरचा असेल. शून्यापासून का नाही? तर ती त्याची हजेरी असते. दाब शून्य असला तरी तो 4 मिलिअँपिअरनं "हजर" म्हणतो. एकदम शून्य आलं तर समजायचं की वायर तुटली किंवा उंदरानं कुरतडली. सिग्नल शून्यापासूनच सुरू होत असता, तर तुटलेली वायर आणि नसलेला दाब ड्राइव्हला सारखेच दिसले असते. पाणी कमी पडतंय असं समजून त्यानं पंप पूर्ण वेगानं पळवला असता, आणि तळमजल्यावरचे नळ कारंज्यासारखे उडाले असते. हा मुद्दा सगळ्यांना पटला. कमिटीतसुद्धा काही सभासद काही बोलत नाहीत, पण सही करतात. त्यांचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

तासाभरात 6 बारचा मंजूर झाला. उरलेले रकाने मी घरी रात्री शांतपणे भरले. पाइपात काय? हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारतो तेव्हा "पाणीच आहे हो" असं उत्तर येतं, आणि जाऊन बघावं तर उसाचा रस निघतो. त्याची मळी सेन्सरच्या बारीक भोकात बसली की सेन्सर जिवंत असून मुका होतो. तिथं भोक नसलेला, सपाट तोंडाचा लागतो. एका शीतगृहात "गॅस आहे" म्हणाले, तो अमोनिया निघाला, आणि अमोनियाशी पितळेचं वैर. वाफेला तर सेन्सर थेट लावायचाच नाही. 10 बारच्या वाफेचं तापमान 184 अंश, आणि साधा सेन्सर 85 ला हात जोडतो. मध्ये नळीचा एक वेढा देतात, त्याला पिगटेल म्हणतात. वाफ त्यात थंड होऊन पाणी होते, आणि ते पाणीच सेन्सरला हळूच दाब सांगतं. सून सासूला थेट न बोलता मुलामार्फत बोलते, तसं. आमच्याकडे मात्र खरंच पाणी होतं, ते मी स्वतः पिऊन पाहिलं होतं. तोंड स्टेनलेस स्टीलचं, पावसाळ्यात पंपरूममध्ये घोटाभर पाणी साठतं म्हणून आयपी 67. रात्री साडेअकराला माझ्या ऑफिसातल्या मुलाला मी ऑर्डर सांगितली.

"सर, आटे कुठले?"

मला झोप आली होती. मी म्हणालो, "नेहमीचे."

चार दिवसांनी सेन्सर आला. खजिनदारांनी खोकं उघडलं, त्यावरचं लेबल वाचलं आणि मला खाली बोलावलं. "आपण 6 मंजूर केला होता. यावर 0.6 लिहिलंय. दहावा भागच आलाय." मी सांगितलं की ते मेगापास्कल आहेत, आणि 0.6 मेगापास्कल म्हणजे 6 बारच. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं त्यांनी आयुष्यभर थकीत कर्जदारांकडे पाहिलं असणार. तरी सही केली, पण बाजूला "खात्री करून घ्यावी" असं लिहून.

बसवायला आमचा प्लंबर आला. वीस वर्षं या सोसायटीचे पाइप त्याच्या हाताखाली आहेत. त्यानं सेन्सर हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलंही नाही, नुसता अंगठा आट्यांवरून फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हे आपल्यातलं नाही."

माझ्या पोटात गोळा आला. अर्धा इंची एनपीटी. कारखान्यांत तेच चालतं, म्हणून माझं नेहमीचं तेच. पण आपल्या नळाच्या पाइपांवर बीएसपी. गंमत अशी की अर्ध्या इंचाला दोन्हींचे इंचात चौदाच आटे, म्हणून सुरुवातीला एकमेकांत गोडीनं शिरतात. पण एकाच्या खाचेचा कोन 60 अंश, दुसऱ्याचा 55. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते अडतं. हे मी तीस वर्षं लोकांना पाठ म्हणून दाखवलंय.

आणि तरी मी म्हणालो, "टेफलॉन टेप जास्त लाव, बसेल."

"बसंल," प्लंबर म्हणाला. "पण गळंल."

मी म्हटलं, लाव. त्यानं लावलं. नारळ फोडला, पंप सुरू झाला, दाब वर चढला. 3 बारला आट्यांशी एक थेंब आला. 4 बारला त्या थेंबाची सुईसारखी धार झाली आणि ती नेमकी खजिनदारांच्या वहीवर पडली. इतकी वर्षं ते म्हणत होते, या सोसायटीत कुठंतरी पाणी मुरतंय. आज त्यांना ते डोळ्यांनी दिसलं.

प्लंबरनं काही न बोलता पिशवीतून एक जोडतुकडा काढला, एका बाजूला एनपीटी, दुसऱ्या बाजूला बीएसपी. तो त्यानं सकाळी निघतानाच घेतला होता. "कंपनीवाली माणसं असली की हे लागतंच," म्हणाला. मग त्यानं दुसरा प्रश्न विचारला, जो माझ्या बावीस रकान्यांत नाहीच : "आणि इथं कशाला लावताय?" मी सेन्सर पंपाच्या तोंडाशीच लावायला सांगितला होता. त्यानं माझा हात धरून पाइपावर ठेवला आणि वॉचमनला पंप बंद करायला सांगितलं. आत वर गेलेलं पाणी मागं आलं, व्हॉल्व्ह आपटला, आणि माझ्या तळव्याला धाडकन ठोसा बसला.

हा ठोसा मला आकड्यात पाठ होता. सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडलं तर 12-13 बारचा झटका बसतो. रशियाच्या झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून तो मांडला. माझ्या सेन्सरची सहनशक्ती 12. मॉस्कोचा झटका मला माहीत होता, माझ्या जिन्याखालचा नव्हता. प्लंबरला मॉस्को माहीत नव्हतं, त्याला फक्त हात ठेवायचा कुठं हे माहीत होतं. त्यानं सेन्सर लांब, हवेच्या टाकीपलीकडे, पाइपाच्या वरच्या अंगाला लावला आणि खाली एक छोटा कॉक दिला, म्हणजे उद्या काढायचा झाला तर सगळ्या सोसायटीचं पाणी बंद करायला नको.

आता माझ्या शॉवरला धार आहे. बायको अंघोळीहून येते ती काही न बोलता येते, यासारखी पावती नाही. पंपरूमच्या दारावर ग्रॅनाइटची पाटी लागली आहे. तिच्यावर चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांची नावं, आणि "तांत्रिक मार्गदर्शक" म्हणून माझं. मार्गदर्शनाचा थेंब वहीवर पडल्याचा उल्लेख नाही. आत कॉकच्या वर पाइपावर काळ्या मार्करनं, बाण काढून, प्लंबरनं लिहिलंय : "आधी हा बंद, मग सेन्सर." खाली नाव नाही. लॉगबुकात मात्र वॉचमन अजून रोज "2" लिहितो. विचारलं तर म्हणाला, "साहेब, नेहमीचं."